डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो राजकारणात का गेले?

मुक्ता_पॅथ:
सेकंड इयरला पॅथॉलॉजी शिकतेय, रक्ताची गुठळी का होते त्याची तीन कारणं फिर्शोच्या नावानं पाठ केली (कॉलेजात सगळे विरचो म्हणतात). काल कळलं की हा माणूस जर्मन संसदेत खासदारपण होता! एवढं संशोधन करणाऱ्याला राजकारणात पडावंसं का वाटलं असेल? की नुसतं नावापुरतं होतं?

जुनी_वही:
नावापुरतं अजिबात नाही. १८४८ च्या सुरुवातीला अप्पर सायलेशियात (तेव्हा प्रशिया या जर्मन राज्याचा भाग) टायफसची, म्हणजे उवांमधून पसरणाऱ्या तापाची साथ आली, प्रशियाच्या सरकारनं त्याला पाहणीला पाठवलं, तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता. तिथं बघतो तर उपासमार, एका खोलीत कोंबलेली कुटुंबं, आणि लोक पोलिश बोलणारे तर अधिकारी जर्मन. रिपोर्टमध्ये औषधांची यादी येईल असं सरकारला वाटलं असणार, यानं लिहिलं शिक्षण द्या, रस्ते करा, कर कमी करा, लोकांना स्वतःचा कारभार करू द्या. मला विचाराल तर त्याचं राजकारण तिथंच सुरू झालं, कारण रोगाचं मूळ जिथं सापडलं तिथं स्टेथोस्कोप पोचतच नव्हता. परत आला आणि मार्चमध्ये बर्लिनच्या क्रांतीत बॅरिकेडवर उभा! पुढच्या वर्षी त्यापायी बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधली जागा गेली, मग वुर्झबर्गला प्रोफेसर, आणि १८५६ ला बर्लिनला परत.

मुक्ता_पॅथ:
बापरे, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. मग खासदार कधी?

टपाल७:
१८६१ ला प्रोग्रेस पार्टी या उदारमतवादी पक्षाच्या स्थापनेत होता, १८६२ पासून प्रशियाच्या विधिमंडळात, आणि राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, १८८० ते १८९३. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याशी कायम वाजायचं. १८६५ ला नौदलाच्या खर्चावरून यानं सभागृहात त्याच्या खरेपणावरच शंका घेतली तर बिस्मार्कनं थेट द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं, यानं नकार दिला. सॉसेजचा किस्सा फिरतो ना, की यानं शस्त्र म्हणून जंतूवालं सॉसेज निवडलं, तो खरा धरू नका, दंतकथाच आहे. नकार देणं मला त्यापेक्षा मोठं वाटतं, त्या काळात लोक भित्रा म्हणायचे.

सावली:
सगळं खरं पण देव करू नका. प्रसूतीच्या तापाबद्दल हात धुवा म्हणणाऱ्या सेमेलवाइसचं म्हणणं यानं बरीच वर्षं मानलं नाही, एवढा वजनदार माणूस विरोधात गेल्यावर बाकीच्यांनी कशाला ऐकावं? याचा मला खरंच त्रास होतो, त्यात बायकांचे जीव गेले.

जुनी_वही:
सावली, मान्य, ती चूक लपवायचं कारण नाही. पण मुक्ता, तू राइशस्टागपेक्षा त्याचं बर्लिन नगरपरिषदेतलं काम आधी वाच. १८५९ पासून मरेपर्यंत तो तिथं होता. तेव्हा बर्लिनची घाण रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून वाहायची, यानं होब्रेश्ट या इंजिनियरच्या साथीनं भुयारी गटारांची योजना लावून धरली, १८७३ ला काम सुरू झालं, मैला शहराबाहेरच्या शेतांवर नेऊन सोडला. शिवाय मांसाची तपासणी सक्तीची व्हावी म्हणूनही तोच भांडला, डुकराच्या मांसातल्या ट्रायकिनेला कृमीवर स्वतः काम केलेलं असल्यामुळे सभागृहात त्याला कुणी गप्प करू शकत नव्हतं.

मुक्ता_पॅथ:
आज लायब्ररीत सायलेशियाचा तो रिपोर्टच शोधते, इंग्रजी भाषांतर असेल तर इथं सांगते.