मदत हवी आहे: हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोजच्या जेलचा थर सनस्क्रीन लावताना वळ्या होऊन निघतो

नमस्कार,

तेलविरहित सीरमला दाटपणा आणण्यासाठी मी हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज, म्हणजेच एचईसी, वापरतो. लाकडाच्या लगद्यातून किंवा सरकीवरच्या आखूड तंतूंतून मिळालेल्या सेल्युलोजवर अल्कली व एथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून ते तयार होते, त्यामुळे मूळ वनस्पतीचे असले तरी त्याला निव्वळ नैसर्गिक म्हणता येणार नाही. तरीही मला तेच हवे आहे, कारण त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्याने क्षारयुक्त घटक घातले तरी जेल टिकते. कार्बोमर या दाटपणा आणणाऱ्या दुसऱ्या, कृत्रिम पॉलिमरचे जेल अशा वेळी पातळ होते.

मिश्रणात एचईसी १.५ टक्के, ग्लिसरीन ५ टक्के, नियासिनामाइड ४ टक्के आणि सोडियम पीसीए (ओलावा धरून ठेवणारा क्षार) २ टक्के असून पीएच ६ च्या आसपास आहे. भुकटी आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात सोडतो; ग्लिसरीनमध्ये ती विरघळत नाही, नुसती सुटी होते, म्हणून पुढे गुठळ्या धरत नाहीत. जेल पारदर्शक आणि एकजीव होते.

अडचण त्यानंतरची आहे. चेहऱ्यावरचे पाणी उडून गेले की पातळ पापुद्रा उरतो, त्वचा किंचित ओढल्यासारखी वाटते आणि त्यावर सनस्क्रीन चोळताच गालांवर व जबड्याच्या कडेने खोडरबराच्या चुऱ्यासारख्या पांढुरक्या वळ्या निघू लागतात. सनस्क्रीन थोपटून लावल्यास त्या बऱ्याच कमी होतात. ओले बोट फिरवले, तर पापुद्रा विरघळून नाहीसाच होतो.

एचईसीची जास्त रेणूभाराची, म्हणजे लांब साखळ्यांची, प्रत (ग्रेड) कमी प्रमाणात घेतली, तर तेवढाच दाटपणा मिळून त्वचेवर उरणारा थर पातळ होईल, असा माझा तर्क आहे. परंतु लांब साखळ्यांचा पापुद्रा अधिक चिवट होऊन वळ्या उलट वाढतील का, हे ज्यांनी दोन्ही प्रती वापरल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे. ग्लिसरीन वाढवल्याने पापुद्रा लवचीक होतो खरा, पण चिकटपणाही वाढतो. तो सहन होईल अशी मर्यादा आपण कोठे ठेवता?

परिरक्षक मात्र कमी करायचे नाही. सूक्ष्मजंतूंची सेल्युलेज विकरे या साखळ्या तोडतात आणि जेल पाणचट होते, त्यामुळे त्याखेरीज कोणताही बदल करून पाहण्यास मी तयार आहे.