स्वतः लिहिलेला आरपीजी: आधी छापावा की पीडीएफच विकावी?

घाटवाट (पुणे)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक छोटा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका करत खेळायचा खेळ) लिहीत आहे. रात्रीची शेवटची एसटी घाटात बंद पडते, चालक मदत आणायला चालत निघून जातो आणि गाडीत अडकलेले चार-पाच प्रवासी म्हणजे आपण खेळाडू, एवढीच त्याची कल्पना आहे. सहा बाजूंचे दोन फासे, प्रत्येक प्रवाशाचे एक पान आणि वाहकाची भूमिका करत खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरसाठी घटनांचे सहा तक्ते असे त्याचे स्वरूप आहे. मजकूर मराठीत असून इंग्रजी रूपांतर अर्धे झाले आहे. ए-५ आकारात मांडणी केल्यावर ४६ पाने भरतात. आतापर्यंत तो सात वेळा खेळून पाहिला, त्यांपैकी पाच वेळा गेम मास्टर मीच होतो.

आता प्रश्न असा आहे. एका प्रेसने ५०० प्रतींचा जो आकडा सांगितला, तो १०० प्रतींच्या आकड्याच्या दुपटीहून थोडासाच जास्त आहे, त्यामुळे एकदाच ५०० प्रती छापून मोकळे व्हावे असा मोह होतो. उलट काही मित्रांचे म्हणणे आहे की छपाईच्या भानगडीत पडूच नये, पीडीएफ तयार करून इच किंवा ड्राइव्हथ्रू या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळांवर ठेवावी. हातात घेता येईल असे पुस्तक मला हवे आहे हे मी कबूल करतो, पण केवळ हौसेपोटी घरातले पैसे अडकवण्याची माझी तयारी नाही. ज्यांनी यांपैकी एखादा मार्ग प्रत्यक्ष चोखाळला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुळारी

मी बरीच वर्षे मुद्रणाच्या धंद्यात आहे आणि या खेळांची ओळख मला मुलीमुळे झाली. प्रेसवाला माणूस छापाच म्हणणार असे तुम्हाला वाटेल. पण ५०० प्रती छापू नका, असेच मी सांगेन.

५०० चा दर स्वस्त दिसतो त्याचे कारण साधे आहे. ऑफसेटमध्ये, म्हणजे पानांच्या प्लेटा करून मशीनवर छापण्याच्या पद्धतीत, त्या प्लेटा काढणे, मशीन लावणे आणि शाई जुळेपर्यंत वाया जाणारा कागद हा सगळा खर्च पहिली चांगली प्रत निघण्याआधीच झालेला असतो, आणि तो जितक्या जास्त प्रतींवर वाटला जाईल तितकी एकेक प्रत स्वस्त पडते. डिजिटल छपाईत प्लेट नसल्यामुळे दहावी प्रत आणि शंभरावी प्रत जवळपास एकाच भावाने पडतात. समजा, ऑफसेटचा आधीचा खर्च ६,००० रुपये व त्यावर दर प्रतीला २५ रुपये, आणि डिजिटलला दर प्रतीला ६५ रुपये असे भाव तुम्हाला मिळाले, तर १५० प्रतींना दोन्हीकडे ९,७५० रुपयेच लागतात. त्याच्या आत डिजिटल परवडते, त्याच्या वर ऑफसेट. आकडे तुमच्या प्रेसचे घाला, रीत हीच आहे. मात्र पलंगाखाली दोन पावसाळे काढणारे गठ्ठे या हिशेबात कुठेच येत नाहीत.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मुलीच्या गटाने त्यांच्या खेळाच्या ३०० प्रती एकदम छापून घेतल्या. तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात आले की जखमांच्या तक्त्यात ७ हा आकडा दोनदा आला आहे आणि ८ आलेलाच नाही. मजकूर तपासताना चौघांनीही तो तक्ता वाचला होता, पण फासे टाकून कोणी पाहिला नव्हता. मग तीन रात्री जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली. कादंबरीत मुद्रणदोष राहिला तर वाचक मनातल्या मनात तो दुरुस्त करून पुढे जातो. तक्त्यातला आकडा चुकला तर पाच माणसांचा खेळ थांबतो. पीडीएफमध्ये हीच दुरुस्ती दहा मिनिटांची असते.

म्हणून आधी पीडीएफ, मग डिजिटल छपाईवर ५० प्रती, आणि त्या संपल्यावर दुरुस्त्यांसह पुढच्या ५० प्रती, असा क्रम ठेवावा.

छापायला जाण्याआधी काही गोष्टी पाहून घ्या. तुमची ४६ पाने सेंटर पिनच्या (मधोमध दुमडून पिन मारलेल्या) पुस्तिकेत बसणार नाहीत, कारण दुमडलेल्या एका कागदाची चार पाने होतात. एकतर ४४ करा किंवा ४८. मुखपृष्ठासह ४८ पाने धरली तर बारा कागद एकात एक बसतात, आणि १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाच्या) कागदाला आतली पाने बाहेरच्या पानांपेक्षा एक-दीड मिलिमीटर पुढे येतात. कटिंगमध्ये तेवढा भाग जातो, त्यामुळे पृष्ठांक आणि तक्त्यांच्या चौकटी कडेला चिकटवून ठेवू नका. मुखपृष्ठावर रात्रीचा निळा रंग असेल तर तो पडद्यावर दिसतो तसा कागदावर उतरणार नाही. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, बदलून एक प्रूफ (नमुना प्रत) हातात घ्या आणि ते ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसाच्या उजेडात पाहा.

टेम्सकाठ (लंडन)

जुळारी यांचा क्रम योग्य आहे. मी माझे दोन इंग्रजी खेळ परदेशी संकेतस्थळांवर विकतो, त्यामुळे त्या बाजूचे लिहितो.

इच २०१३ मध्ये सुरू झाले आणि तिथे आपल्या विक्रीतला किती हिस्सा संकेतस्थळाला द्यायचा हे विक्रेताच ठरवतो. काही बदलले नाही तर तो १० टक्के असतो. ड्राइव्हथ्रूवर फक्त तिथेच विकण्याचे मान्य केले तर पीडीएफच्या किमतीतले ७० टक्के, इतरत्रही विकायची असेल तर ६५ टक्के आपल्याला मिळतात. कागदावर इच उजवे दिसते. परंतु ड्राइव्हथ्रूवर येणारा माणूस आरपीजी विकत घेण्यासाठीच आलेला असतो, तर इचवर बहुतेकांना आपणच दुवा देऊन न्यावे लागते, हा माझा अनुभव आहे.

इचच्या संदर्भात एक सावधगिरी सांगतो. जून २०२० मध्ये तिथे वांशिक न्यायासाठी जो मोठा संच निघाला, त्यात किमान पाच डॉलरला सतराशेहून अधिक डिजिटल उत्पादने मिळत होती, त्यांत शेकडो टेबलटॉप खेळही होते, आणि त्यातून ऐंशी लाख डॉलरहून अधिक निधी उभा राहिला. काम मोठेच झाले. मात्र अशा संचातून आलेली पीडीएफ किती जण उघडतात, असा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. माझ्याच संगणकावर न उघडलेले खेळ शेकड्यांनी आहेत. छापून घेतलेली अकरा पुस्तके मात्र मी सगळी वाचली आहेत आणि त्यांतली सहा खेळलो आहे.

ड्राइव्हथ्रूवर मागणीनुसार छपाईचीही सोय आहे. ग्राहकाने पैसे भरल्यावरच प्रत छापली जाते, त्यामुळे गठ्ठ्यांचा प्रश्न येत नाही. अडचणी दोन आहेत. विक्री सुरू करण्याआधी छापील प्रूफ मागवून ते मंजूर करावे लागते, आणि छपाई अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये होत असल्यामुळे पुण्याला येणाऱ्या प्रतीचा टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या डोक्यावर जाऊन बसतो. इंग्रजी आवृत्तीच्या परदेशी वाचकांसाठी हा मार्ग घ्यावा. मराठी आवृत्तीसाठी त्याचा उपयोग नाही.

किकस्टार्टरचा, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याच्या संकेतस्थळाचा, विचार मनात असेल तर तो आताच बाजूला ठेवा. २०१९ पासून तिथे झाईन क्वेस्ट हा उपक्रम चालतो, आणि तो तुमच्यासारख्या पिन मारलेल्या छोट्या पुस्तिकांसाठीच निघाला. पण प्रकल्प सुरू करण्याची परवानगी असलेल्या देशांत भारत नाही. पैसे परदेशातून घेण्यासाठी पेपाल चालते, भारतातल्या भारतात घेण्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून चालत नाही. त्यामुळे मराठी ग्राहकाला यूपीआयची पेमेंट लिंक द्या आणि फाइल ईमेलने पाठवा. पन्नास-साठ ग्राहकांपर्यंत हे हाताने सहज जमते.

तिसराफासा (नाशिक)

वरच्या दोन्ही प्रतिसादांत खर्च आणि विक्री नीट मांडली आहे, तरीही खेळताना काय होते ही बाजू सुटली असे मला वाटते.

आमच्या गटात एकदा एक खेळ केवळ पीडीएफवर चालवला. पाच जणांच्या हातांत पाच मोबाइल होते. ए-५ चे पान मोबाइलवर मोठे केले की तक्त्याची डावी बाजू दिसते तेव्हा उजवी दिसत नाही, आणि कोणाला तरी मध्येच ऑफिसचा संदेश येतो. तासाभराने दोघे जण खेळात नव्हतेच. पुढच्या वेळी मी तीच पीडीएफ कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली, पिना मारल्या आणि टेबलाच्या मध्ये पालथी ठेवली. ज्याला नियम हवा तो उचलून पाहत होता, बाकीचे बोलत होते. अर्थात सत्राची तयारी करताना, शोध घेताना आणि ऑनलाइन खेळताना पीडीएफला पर्याय नाही. तेव्हा छापील प्रत घेणाऱ्याला पीडीएफ त्याच किमतीत द्या. आरपीजीच्या ग्राहकांना त्याची सवय आहे आणि ते तशी अपेक्षाही ठेवतात.

शोधावरून आठवले. देवनागरी पीडीएफ तुम्ही स्वतः शोधून पाहिली आहे का? मांडणीचे सॉफ्टवेअर आणि फाँट यांवर अवलंबून असे होते की पानावर ‘किल्ली’ हा शब्द अगदी सुबक दिसतो, पण फाइलच्या आत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते किंवा जोडाक्षराचा तुकडा हरवलेला असतो. शोधखिडकीत ‘किल्ली’ लिहिले की काहीच सापडत नाही. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर असेल तर आशाच सोडा. मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, मुक्तासारखा खुल्या परवान्याचा फाँट वापरा, आणि फाइल विक्रीला ठेवण्याआधी वेलांटी व जोडाक्षरे असलेले दहा शब्द मोबाइलवर शोधून पाहा. शोध जमतच नसेल तर निदान प्रत्येक तक्त्याला बुकमार्क द्या आणि अनुक्रमणिकेतून त्या पानावर जाणारा दुवा ठेवा.

आणखी एक. सातपैकी पाच वेळा गेम मास्टर तुम्हीच होता, असे तुम्ही लिहिले आहे. याचा अर्थ तुमच्या डोक्यात असलेले आणि पानावर न आलेले नियम किती आहेत हे अजून कोणालाच ठाऊक नाही. तुम्हाला न ओळखणाऱ्या तीन गटांना पीडीएफ फुकट द्या आणि त्यांच्या खेळाच्या वेळी तिथे हजर राहू नका. छपाईचा निर्णय त्यानंतर घ्यावा. जाता जाता, १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध आरपीजीची पहिली छपाईदेखील १,००० संचांचीच होती, आणि त्यांच्याकडे पीडीएफची सोय नव्हती.

घाटवाट (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसराफासा यांचा मुद्दा लागला, पण बरोबर आहे. आज संध्याकाळी पीडीएफमध्ये ‘तिकीट’ शोधले, शून्य निकाल आले; पुस्तिकेत तो शब्द प्रत्येक दोन पानांआड आहे.

५०० प्रतींचा विचार सोडला. तीन गटांकडून अभिप्राय आले की मजकूर ४४ पानांत बसवून, चार पानांचे मुखपृष्ठ धरून ४८ पानांच्या ५० प्रती डिजिटलवर काढेन. दोन शंका उरल्या आहेत. टपालाने पाठवणे परवडेल का? आणि पुस्तकाबरोबर दोन फासे घालून छोटी पेटी केली तर कशी वाटेल?

जुळारी

आत १०० आणि मुखपृष्ठाला २५० जीएसएमचा कागद धरला तर तुमची प्रत साधारण ८५ ग्रॅम भरेल. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू केले, त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर असा दर ठेवला होता. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे, तेव्हा तुमची पुस्तिका त्यात बसते का हे खिडकीवर एक प्रत दाखवून आधीच विचारा. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असू द्या. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तोही घेऊन ठेवा.

पेटी करू नका. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण फासे घातले की ते पुस्तक राहते की खेळाचे साहित्य ठरते हे कर सल्लागाराला विचारावे लागेल, आणि सहा बाजूंचे फासे तर प्रत्येकाच्या घरच्या सापशिडीत पडलेले असतात. ते पैसे प्रवाशांच्या पानांवर घाला. ती पाने वेगळी, सुटी आणि साध्या, चकाकी नसलेल्या मॅपलिथो कागदावर छापा. दुकानदार चकचकीत आर्ट पेपर सुचवेल, पण त्यावर पेन्सिल उमटत नाही, आणि तुमच्या खेळात प्रवाशाला आपले सामान दर फेरीला खोडून पुन्हा लिहावे लागणार आहे.