गोधडीचा गुलाबी तुकडा बाळाच्या दुपट्यासारखा दिसतोय आणि राखाडी हिरवा पडतोय. काय करू?

कातरवेळ (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमचा गोधडीवाल्या आठजणींचा गट आहे. अंगावर घ्यायच्या गोधड्या नातवंडांपर्यंत सगळ्यांना वाटून झाल्या, म्हणून आता भिंतीवर टांगायच्या शिवतो. घरच्यांच्या भाषेत रिकामपणचे उद्योग. दर खेपेला चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिने रंग सांगायचा आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता कामाला लागायचं. मागच्या वेळी शेवाळी होता. तो सगळ्यांना जमला, कारण शेवाळी वाईट दिसायला फार कष्ट पडतात. या वेळी चिठ्ठी निघाली आमच्यातल्या सगळ्यात खट्याळ बाईची. तिने सांगितलं, गुलाबी. तोही साधासुधा नाही, 'रस्त्याचा गुलाबी'.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. २०२० च्या फेब्रुवारीत आमच्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता रसायनांमुळे चक्क गुलाबी झाला होता. पेपरात फोटो आले, मुख्यमंत्री येऊन बघून गेले. त्याआधी २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता. थोडक्यात, रंग सुचायला आम्हाला कुठे हिमालयात जावं लागत नाही.

नियम असे: १६ बाय १६ इंच, कापड सुती, छापील फुलंबिलं नाहीत. गुलाबी निम्म्याहून जास्त, राखाडी हवाच, आणि आवडीचा तिसरा रंग चिमूटभर. आठही तुकडे सोसायटीच्या हॉलमध्ये एका भिंतीवर लावायचे.

मी घरी ब्लाऊज शिवते, त्यामुळे गुलाबीची ददात नाही. लग्नसराईत निम्म्या बायकांना राणीच हवा असतो. टू बाय टू रुबियाची कात्रणं एका गोणीत साठवलीत: राणी, गाजरी, अबोली, कांद्याच्या सालीचा, आणि अस्तराचा तो फिका गुलाबी ज्याला कोणी नावच दिलेलं नाही. सगळ्यांच्या दोन दोन इंचांच्या पट्ट्या आडव्या जोडल्या, मधून राखाडी रस्ता तिरका काढला, चिमूटभर म्हणून पोपटी घातला (हिरव्या पावसाची आठवण). वरून गुलाबीच दोऱ्याने बारीक धावदोरा. शिवण दाबून, इस्त्री करून सोफ्यावर ठेवला. शेजारीण आली आणि म्हणाली, "कोणाकडे बारसं आहे?"

तर अडचणी अशा. एक, याचं दुपटेपण कसं घालवू? मला रसायनाने भिजलेला डांबरी रस्ता हवाय, आणि दिसतंय झबलं-टोपडं. दोन, राखाडी. मॅचिंग सेंटरच्या दाराशी नेऊन उजेडात बघून घेतलेलं कापड आहे, स्वच्छ राखाडी. गुलाबीला जोडलं की ते हिरवट दिसतं, पावसाळ्यात शेवाळलेल्या गच्चीसारखं. उसवून एकटं ठेवलं की परत राखाडी! तीन, आठजणींचे तुकडे शेजारी मांडले की सगळ्या गुलाब्यांची नळावर जमल्यासारखी भांडणं होतात. मधे पांढरी पट्टी घालावी असं दोघी म्हणताहेत. मला पांढरी नकोय, पण का नको ते पटवून देता येत नाहीये.

ड्रॉइंगमास्तर

ताई, दुकानदाराने फसवलेलं नाही, कापडही तेच आहे. एखाद्या रंगाशेजारी राखाडी ठेवला की डोळा त्या राखाडीत समोरचा विरोधी रंग मिसळून पाहतो. गुलाबीच्या समोर हिरवा, म्हणून तुमचा रस्ता हिरवा. शाळेत मी हे पोरांना घोटीव कागदावर दाखवायचो. एकाच राखाडीचे दोन चौकोन कापायचे, एक राणीवर ठेवायचा, एक पोपटीवर. दोन्ही एकाच कागदातले आहेत यावर शेवटच्या बाकावरचा पोरगा पैज लावून हरायचा.

ही गोष्ट तुमच्याच धंद्यातून कळलेली आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवरचे विणीव पडदे व्हायचे. तिथे १८२४ मध्ये शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगशाळेचा प्रमुख झाला. तक्रार आली की काळी लोकर नीट काळी दिसत नाही. त्याने रंग तपासला, रंगात काही खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मार खात होता. त्यावर त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८३९ मध्ये सगळं छापलं.

उपाय. राखाडी आणि गुलाबी यांचा गडदपणा जवळजवळ सारखा असेल तर हा हिरवेपणा जास्त चढतो. तुमचा राखाडी मध्यम, त्याला लागून असलेला गाजरीही मध्यम, असं माझं अनुमान. राखाडी बराच गडद घ्या, ओल्या डांबराइतका. नाहीतर ज्यात मुळातच लालसर झाक आहे असा राखाडी शोधा, म्हणजे हिरवट आणि लालसर एकमेकांना खाऊन मधे राखाडी उरेल. आणि तो पोपटी काढून टाका. हिरवा डोळा फुकटात देतोय, पैसे देऊन वेगळा कशाला?

गडद-फिकं पारखायला मोबाइलवर फोटो काढून रंगहीन करा. सगळ्या पट्ट्या एकाच करड्या रंगाच्या दिसल्या तर तुम्ही पाच रंग वापरूनही एकच वापरलाय असं समजा.

वाकळवाली (सातारा)

कातरवेळताई, पट्ट्या सगळ्या दोन इंची कशाला केल्यात? माप लावून कापलेल्या पट्ट्या आणि फिका रंग म्हणजे दुपटंच होणार. आमच्या मोठ्या चुलतीच्या वाकळेत एक पट्टी चार बोटं, शेजारची वीतभर, कारण लुगडं जिथवर धड असेल तिथवरच कापायचं. विरलेला भाग आत थरात जायचा. त्यात राणी रंगाचं लुगडंही होतं, पण ते लाडिक दिसायचं नाही, वापरून वापरून मार खाल्लेलं होतं.

दुसरं, गुलाबीवर गुलाबी दोरा घालू नका. काळा घ्या. जाड, आठ नंबरचा. कडेने सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत या, दोन ओळींत अर्ध्या बोटाचं अंतर. काळ्या टाक्यांनी गुलाबी आपोआप मळकट दिसतो, आणि कापडाला ज्या लाटा येतात त्याने सपाटपणा जातो. इस्त्री तर अजिबात फिरवू नका त्यावर नंतर. केलेलं सगळं झोपतं.

पांढऱ्या पट्टीला माझाही विरोध. का ते मास्तर सांगतील, मला नुसतं बघवत नाही.

सुईदोरा (न्यू जर्सी)

मजा आली वाचून! माहेर ठाण्याचं असल्यामुळे तो गुलाबी रस्ता व्हॉट्सॲपवर आमच्याकडेही पोचला होता.

इकडच्या गटांत असे रंगाचे डाव सतत चालतात. इकडच्या बायका लाल जिलेटीन कागदातून कापडं बघतात, रंग निघून जातो आणि नुसतं गडद-फिकं उरतं. आणखी एक युक्ती म्हणजे दाराला बसवतात ते मॅजिक आय. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं. डोळ्याला लावून भिंतीवरचा तुकडा बघायचा, वीस फुटांवरून पाहिल्यासारखा लहान दिसतो. डोंबिवलीच्या हॉलमध्ये वीस फूट मागे सरायला जागा कुठून आणणार!

आणि दुपटेपणाबद्दल. अलाबामात जीज बेंड म्हणून नदीच्या वळणावरची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. १९७२ मध्ये त्यांच्या सहकारी संस्थेला सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीसाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. उरलेली कात्रणं घरोघरी गेली. सोनेरी, शेवाळी, नारिंगी, लाल, जे रंग दुकानाने ठरवले तेच. म्हणजे तुमच्या चिठ्ठीसारखंच, फक्त चिठ्ठी कंपनीने काढलेली. त्या तुटपुंज्या रंगांत त्यांनी जे केलंय ते बघाच. मोठमोठे ठोकळे, रेघा कुठेच सरळ नाहीत, आणि एकही गोधडी गोजिरवाणी नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं आणि २००६ मध्ये त्या टपाल तिकिटांवर आल्या. तुमच्या गोणीतल्या कात्रणांचा सरळ वारसा आहे हा.

ड्रॉइंगमास्तर

सुईदोरा, लाल जिलेटीन इतर रंगांना ठीक आहे, पण इथे काम करणार नाही. लाल कागदातून गुलाबी आणि लाल दोन्ही फिकेच दिसतात. राणीसुद्धा पांढऱ्याच्या जवळ जाईल आणि ताई गोंधळतील. गुलाबीसाठी हिरवा जिलेटीन घ्या. गणपतीच्या मखराचा उरलेला असेलच घरात.

पांढऱ्या पट्टीबद्दल: सगळ्यात आधी नजर पांढऱ्यावर जाते. आठ तुकड्यांमधे पांढऱ्या पट्ट्या घातल्यात तर हॉलमध्ये शिरणाऱ्याला आधी खिडकीचे गज दिसतील, मग गुलाबी. वर पांढऱ्याशेजारी फिका गुलाबी आणखी बाळसेदार होतो. तुमच्या मैत्रिणींना हे तोंडी सांगू नका, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या मधे ठेवून फोटो दाखवा.

रंगारी (इचलकरंजी)

मी प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, नोकरी केली, तेव्हा दोन गोष्टी माझ्याकडून.

गुलाबी दोन जातींचे असतात. एक पिवळ्याकडे झुकलेला, तुमचा गाजरी, अबोली. दुसरा निळ्याकडे, तुमचा राणी. आठ तुकडे भांडतात ते यामुळे. तुम्ही लोक ते भांडण मिटवायला बघताय, पण रसायनाचा रस्ता दाखवायचाय ना? मग गाजरी आणि राणी सारख्याच गडदपणाचे निवडून थेट एकमेकांना चिकटवा, मधे काही नको. कडेवर डोळा ठरत नाही, ती हलल्यासारखी वाटते. फुलाबिलात असं दिसत नाही, बघणाऱ्याला लगेच कळतं की हे कारखान्यातनं आलंय. कांद्याच्या सालीचा आणि तो बिननावाचा फिका मात्र बाजूला ठेवा, बारशाचा वास त्यांचाच आहे.

दुसरं महत्त्वाचं. गडद राणी पहिल्या पाण्यात रंग सोडू शकतो. ओला पांढरा फडका करून प्रत्येक कात्रणावर दाबून चोळा. फडक्याला गुलाबी लागला तर ते कापड शिवण्याआधीच गरम पाणी आणि साबणात धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ, व्हिनेगर, तुरटी यांच्या नादी लागू नका. रंगवताना मिठाचं काम असतं, तुरटी नैसर्गिक रंगाला लागते, पण कारखान्यातनं तयार होऊन आलेल्या कापडावर राहिलेला मोकळा रंग यातल्या कशानेच बसत नाही. तो धुऊनच घालवावा लागतो. आणि हॉलच्या ज्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं ती टाळा. गुलाबी आधी उडतो.

कापडं जुळवताना एकदा खिडकीशी आणि एकदा हॉलच्या दिव्याखाली बघा. ट्यूबखाली जुळलेले दोन राणी उन्हात वेगळे निघतात, याच्यावरून आमच्याकडे लॉटच्या लॉट परत आलेले आहेत.

कातरवेळ (डोंबिवली)

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, वाकळवालीताईंचे जरा जास्तच.

मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे फोटो रंगहीन करून पाहिला. राखाडी रस्ता गायब! शेजारच्या गाजरीत पूर्ण विरघळलेला. तो काढला आणि एका शाळेच्या गणवेशाच्या पँटचं गडद राखाडी कापड लावलं, अल्टरचं आलं होतं त्यातला उरलेला पाय. जाडीमुळे शिवणीशी थोडा उंचवटा राहिला, पण रस्त्याला तो शोभतोय. आता हिरवट दिसत नाही.

पट्ट्या उसवून कमी-जास्त रुंदीच्या केल्या. राणी आणि गाजरी अंगाला अंग लावून बसवले. रंगारीदादा, खरंच हो, त्या कडेकडे बघत राहिलं तर डोळ्याला त्रास होतो. माझ्या मुलाने पाहिलं आणि म्हणाला, "हे काय सांडलंय?" मी त्याला चहा करून दिला.

पोपटी मात्र ठेवलाय, मास्तर. अर्ध्या बोटाएवढाच आहे, वरच्या कोपऱ्यात. त्याशिवाय हिरवा पाऊस राहून जातो.

काळा धावदोरा चालू आहे. कडेने आत येताना मधे कापड फुगतंय, ते टाचण पुरेसं न घातल्यामुळे की असंच असतं? पांढऱ्या पट्टीचा प्रश्न मिटला. कागदाच्या पट्ट्या ठेवून फोटो दाखवल्यावर त्यातली एक स्वतःच म्हणाली, तुरुंग वाटतोय. आता आठही तुकडे एकमेकांना न जोडता दोन बोटं अंतर सोडून लावायचे, मधे नुसती भिंत. फक्त टांगायचे कसे? हॉलमध्ये खिळे ठोकायला सेक्रेटरी परवानगी देत नाहीत. आहे तो एक पडद्याचा जुना पाइप.

वाकळवाली (सातारा)

फुगतंय ते कडेने धरल्यामुळेच. आम्ही आधी मधे फुलीसारखे दोन लांब कच्चे टाके घालतो, मग वीत वीत अंतरावर आडवे. थर हलत नाहीत. आता झालेलं उसवू नका, फुगलेल्या जागी दोन ओळींच्या मधे आणखी एक ओळ घाला, जिरेल.

पाइप आहे ना, मग खिळ्यांची गरजच नाही. प्रत्येक तुकड्याच्या मागे वरच्या बाजूला तीन इंचांचा नेफा लावा, अस्तराच्याच कापडाचा. दोन्ही टोकांना इंचभर कमी ठेवा, म्हणजे समोरून डोकावणार नाही. नेफा हाताने फक्त मागच्या थराला टाचायचा, पुढे टाका दिसता कामा नये. आणि थोडा सैल ठेवा, नाहीतर पाइपाची गोलाई पुढच्या बाजूला उठून दिसते. चार तुकडे पाइपावर, आणि उरलेले चार त्यांच्याच खालच्या कडेला बिनदिक्कत हुकांनी अडकवा. ब्लाऊजचे हुक तुमच्याकडे किलोने असतील.