हिवाळ्याचे पारंपरिक आडाखे : निरीक्षण की योगायोग?

शिशिर (चर्चाप्रस्ताव) :
येणारा हिवाळा किती कडक असेल, हे प्राण्यांवरून किंवा झाडांवरून सांगणारे आडाखे आता बाद समजावेत, असे माझे मत आहे. उत्तर अमेरिकेतील लोकरी सुरवंटाचेच पाहा. त्याची दोन्ही टोके काळी आणि मधला पट्टा तांबूस असतो; पट्टा रुंद असेल तर हिवाळा सौम्य, अरुंद असेल तर कडक, असे तेथे मानतात. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील कीटकतज्ज्ञ हॉवर्ड करन यांनी १९४८ पासून काही वर्षे हे पट्टे तपासले आणि वृत्तपत्रांनी ते उचलून धरले, परंतु तपासलेले नमुने अगदीच मोजके होते. मुळात हा सुरवंट कात टाकत वाढतो, तसा त्याचा तांबूस भाग रुंदावतो. म्हणजे पट्ट्यावरून कळते ते त्याचे वय आणि सरलेला हंगाम.

नभांगण :
सर्वांत कच्चा आडाखा निवडून सगळेच मोडीत काढणे बरोबर नाही. चंद्राला खळे पडले की हवा बिघडते, हा ठोकताळा घ्या. उंचावरील पातळ ढगांतील बर्फाच्या स्फटिकांमधून प्रकाश वळतो आणि चंद्रापासून सुमारे २२ अंशांवर कडे दिसते. असे ढग पुष्कळदा पावसाच्या किंवा हिमवृष्टीच्या आघाडीपुढे धावत असतात. तसेच आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीतील उष्णता रात्रभर निसटून जाते व पहाटे कडाक्याची थंडी पडते. यात योगायोग कुठे आहे?

शिशिर :
हे आडाखे एक-दोन दिवसांपुरते आहेत आणि त्यांना माझा विरोध नाही. माझा आक्षेप संपूर्ण ऋतूचे भाकीत करण्याला आहे. अमेरिकेत १८८७ पासून दर २ फेब्रुवारीला पंक्सटॉनी गावातील ग्राउंडहॉग या बिळात राहणाऱ्या प्राण्याला हिवाळा लांबणार का, हे ‘विचारतात’. अलीकडच्या वर्षांत त्याचे उत्तर निम्म्याहून कमी वेळा बरोबर आले आहे. उत्तरे दोनच असताना नाणे उडवले तरी याहून बरे जमेल!

मृगशीर्ष :
ऋतूचे भाकीत अशक्यच आहे, हेही मला मान्य नाही. पेरू आणि बोलिव्हियातील अँडीज पर्वतातले शेतकरी जूनअखेरीस, म्हणजे तेथील हिवाळ्यात, पहाटे कृत्तिकांचा पुंजका पाहतात आणि तो धूसर दिसला तर बटाट्याची लागवड पुढे ढकलतात. २००० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने याचा उलगडा केला : एल निन्योच्या वर्षी तेथे उंचावर विरळ ढग वाढतात, त्यांमुळे तारे मंद दिसतात आणि पुढील हंगामात पाऊस कमी पडतो. हा इशारा कित्येक महिने आधी मिळतो.

शिशिर :
तेथेही खूण हवेतच आहे, सुरवंटाच्या पाठीवर नाही. शिवाय तो अंदाज पावसाचा आहे.

नभांगण :
जिवंत खुणांनाही इतक्या सहज निकालात काढू नका. ओकला फळांचा बहर आला की हिवाळा कडक जाणार, हा समज चुकीचा आहे, कारण बहर ठरतो तो आधीच्या हवामानावर. मात्र असा बहर आल्यावर पुढच्या उन्हाळ्यात जंगलातील उंदरांची संख्या वाढते, हे अभ्यासातून दिसून आले आहे. खूण खरीच होती. तिला थंडीविषयी विचारले जात होते, एवढेच.