भाचीच्या मानसोपचारांत पालक म्हणून माझी सही कुठवर चालते?

मिरजेचा_मामा: बहीण-भावोजी २०२१ मध्ये गेले. भाची माझ्याकडे, कोर्टाने मलाच पालक नेमलंय. आता तिला १७ पूर्ण, चार महिन्यांनी १८. नैराश्य आहे, पंधरा दिवस जेवण जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणतात ॲडमिट करा, ती म्हणते "मामा, तिथे नको." घरचे म्हणतात, तू पालक आहेस, सही करून मोकळा हो. एकाने तर विजेचे शॉक द्यायलाही सुचवलं. काय करू?

तारीख_पे_तारीख: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाचा कायदेशीर पालक हाच त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणारा. म्हणजे अर्ज तुमचा, उपचारांना संमतीही तुमची. पण नुसत्या सहीने दार उघडत नाही. दोन तज्ज्ञांनी, त्यांतला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासून सांगावं लागतं की भरती केल्याशिवाय भागणार नाही. त्यात मुलीची इच्छाही विचारात घ्यायची असते. ७२ तासांत पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे याच कायद्याखाली रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाला, कळवणं रुग्णालयाचं काम. शॉक विसरा. अज्ञान मुलांना बंदी आहे. अपवाद करायचा तर पालकाच्या संमतीखेरीज मंडळाची आधी परवानगी लागते.

जास्वंद: दादा, एक गोष्ट कुणी सांगत नाही. मुलगी अज्ञान आणि पालक पुरुष असेल तर सोबतीला बाईमाणूस सतत हवं, रात्रीसुद्धा. मामींच्या रजेचं आधी बघा. मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, हेही जाताच विचारा. माझ्या लेकीच्या वेळी "आज जागा नाही, तात्पुरतं इथेच राहू दे" म्हणाले होते. मी तिथेच खाली ठाण मांडून बसले, तासाभरात खोली मिळाली.

बापूसाहेब: आमच्या वेळी वडील म्हणतील तेच औषध. कायदेच फार झाले.

तारीख_पे_तारीख: बापू, त्या वेळी साखळ्याही होत्या.
मामा, १८ चं लक्षात ठेवा. वाढदिवसाला ती वॉर्डात असेल तर त्या दिवसापासून ती स्वतंत्र रुग्ण, म्हणजे स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी; तुमच्या कोर्टाच्या कागदावर तिला थांबवता येत नाही. त्यानंतर कुणाला प्रतिनिधी करायचं ते ती ठरवणार. साध्या कागदावर लिहून सही केली की झालं, स्टँपपेपर नको. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिच्यासाठी फुकट आहे.

जास्वंद: आणि न जेवणं हे वाट बघायचं लक्षण नाही. आज रात्री काही वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात. जीवाचं काही बोलली तर फोन करत बसू नका, सरळ इमर्जन्सीला न्या.

मिरजेचा_मामा: आभार. तिला विचारलं, "तिथे नको" म्हणजे नेमकं काय नको? म्हणाली, मोबाईल काढून घेतील आणि मामी घरी जाईल. मामीने रजा टाकलीय. मोबाईलचं उद्या डॉक्टरांना विचारतो.