विषय: गणेशोत्सवात छातीवर लावायचे नामपट्ट – जोडाक्षरे फुटत आहेत

सजावट समिती:
सस्नेह नमस्कार. पैठणीच्या काठाचा नमुना सर्वांना पसंत पडला, याचा आनंद आहे. मात्र फोटोशॉपमध्ये नावे भरताच ‘कुलकर्णी’चा रफार सुटतो आणि ‘शिंदे’मधील ‘श’च्या आधी यायला हवी ती वेलांटी त्याच्या नंतर उमटते. छपाईसाठी फाइल गुरुवारी द्यायची आहे. गेल्या वर्षीप्रमाणे नावे रोमन लिपीत छापावी लागू नयेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दिवाळी अंक, मांडणी:
ताई, टंक (फॉन्ट) बदलू नका, दोष टंकात नाही. जुन्या आवृत्तीत मजकूर-मांडणीचा पर्याय मुळात रोमन लिपीसाठी लावलेला असतो, त्यामुळे जोडाक्षरे घडवण्याचे टंकातील नियम वापरलेच जात नाहीत. प्रेफरन्सेसमधील ‘टाइप’ विभागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडून फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा, आणि आधी लिहिलेल्या नावांसाठी परिच्छेदाच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ लावा. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधील अंतर, शून्यावरच राहू द्या, कारण ते वाढवले की शिरोरेषा तुटते. नमुना रोमन अक्षरांच्या मापाने आखलेला दिसतो. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार यांना जागा मिळावी म्हणून नावाची चौकट उंच करावी.

ढोल-ताशा पथक:
एवढा खटाटोप टाळायचा असेल तर गिम्प हे चित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर वापरावे, असे मी नवरात्रातही सुचवले होते. ते विनामूल्य आहे आणि देवनागरी जोडाक्षरे त्यात कोणतीही बसवणी न करता नीट येतात. ४ × ३ इंचांच्या पट्टासाठी ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) १२०० × ९०० पिक्सेलचा पट घ्यावा, नावाच्या आकाराची निवड करून ती चार-पाच पिक्सेलने वाढवावी आणि खालच्या थरावर सोनेरी रंग भरावा. अशा सोनेरी किनारीमुळे जांभळ्या काठावर नाव दुरूनही वाचता येते. इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांना थेट किनार दिल्यास कित्येक टंकांत प्रत्येक सांध्यावर सोनेरी रेघ दिसते, म्हणून तिथे अक्षरे आधी एकसंध करून घ्यावी लागतात.

मराठी शाळा:
किनारीपेक्षा मला अक्षरांच्या वळणाची चिंता अधिक वाटते. मुले वर्गात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ गिरवतात, महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही हीच रूपे सांगितली आहेत, आणि आपल्या नमुन्यावर मात्र हिंदी वळणाची अक्षरे आहेत. गिम्पच्या मजकूर साधनात भाषा मराठी निवडली की, टंकात सोय असल्यास, ही रूपे आपोआप येतात. तिरो देवनागरी मराठी या टंकात तर ती मुळातच आहेत. ज्या मुलाने स्वतःचे नाव लिहायला नुकतेच शिकले आहे, त्याला छातीवर तेच नाव वेगळ्या वळणात दिसू नये.

दिवाळी अंक, मांडणी:
शाळेच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. फोटोशॉपमध्येही तिरो चालेल, मात्र त्याच्या रेषा नाजूक आहेत, म्हणून मुलांच्या पट्टांवर नाव मोठे घ्यावे.

सभासद नोंदणी:
टंक कोणताही निवडा, परंतु नावांची यादी आमच्याकडूनच घ्यावी, ही आग्रहाची विनंती. गटात फिरणारी यादी युनिकोडपूर्व (अक्षरांचे समान संकेत ठरण्याआधीच्या) टंकात लिहिलेली आहे आणि दुसऱ्या टंकात ती निरर्थक चिन्हे दाखवते. शिवाय गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडपांडे या कुटुंबांची नावे तिच्यात रफार देऊन लिहिली गेली आहेत; तिथे साधा ‘र’ नव्हे, तर नुक्त्याचा ‘ऱ’, त्याला हलन्त आणि मग ‘ह’ असे टंकले पाहिजे. सुधारित यादी आज रात्री पाठवते. पट्ट तयार झाले की पीडीएफ आधी आम्हाला दाखवावी. प्रत्येक कुटुंबाला त्यांचे नाव तपासायला पाठवल्याशिवाय छपाईला देऊ नये.

सजावट समिती:
‘वर्ल्ड-रेडी’ लावल्यावर ‘कुलकर्णी’ व्यवस्थित आले. यादीची वाट पाहते. चौकट उंच केल्यामुळे खालचा काठ अर्धा इंच कमी करावा लागेल, तेव्हा मोर ठेवायचे की कोयरी, एवढे उद्यापर्यंत कळवावे.