गोळी सकाळी आठला, जेवण दुपारी तीनला – जमवायचं कसं?

कोयनाकाठ:

नमस्कार. मी कराड तालुक्यातली, वय ४९. टाइप टू शुगर निघाल्याला आता चौथं वर्ष चालू आहे. घरात सासूबाई, हे, दोन मुलं, थोरल्याची बायको आणि दीड वर्षाची नात. दावणीला दोन म्हशी.

पहाटे धारा, शेणघाण, मग सगळ्यांचा चहा. आठच्या सुमाराला गोळी घेते. त्यावर चहा आणि एखादी खारी, नाहीतर रात्रीच्या भाकरीचा तुकडा. हे आणि धाकटा शेतातून येईपर्यंत दीड-दोन वाजतात. नैवेद्य झाल्याशिवाय कुणी जेवलेलं सासूबाईंना चालत नाही. सगळ्यांना वाढून, मागचं आवरून मी ताटावर बसते तेव्हा तीन वाजलेले असतात. मला कुणी उपाशी ठेवतं असं अजिबात नाही. आमच्याकडे घरातली बाई शेवटी जेवते, लग्न होऊन आले तेव्हापासून असंच चालत आलंय.

गेले काही महिने बाराच्या पुढे भाकऱ्या थापताना हात थरथरायला लागतात. दरदरून घाम सुटतो, जीभ जड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि विनाकारण राग येतो. परवा नात पदर ओढत होती तर तिच्यावर ओरडले. सासूबाई म्हणाल्या, शुगर वाढली असेल, आज भात खाऊ नको. सुनेनं मशीन आणून बोट टोचलं तर आकडा ५८.

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, आधी ८.९ होतं, आता ७.४ आहे. डॉक्टर म्हणाले, छान. हे थरथरण्याचं त्यांना सांगायचं राहतं, कारण नंबर आला की दोन मिनिटांत बाहेर, आणि शेजारी हे बसलेले असतात.

श्रावण तोंडावर आहे. सोमवार, शनिवार आणि एकादशी मी धरते, सोडायची इच्छा नाही. घरातल्यांच्या आधी जेवायला बसते हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ज्यांच्या घरी असं आहे त्यांनी कसं जमवलं ते सांगा. आणखी एक. पायाला मुंग्या येतात, तेही यातलंच का? शेजारणी म्हणतात, तू एवढी बारीक, तुला कसली शुगर.

निवृत्त सिस्टर, सांगली:

ताई, आधी तुमच्या ५८ बद्दल बोलते, बाकीचं मागाहून. माझी उभी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली. दुपारच्या वेळी घामानं डबडबलेल्या बायका रिक्षातून आणलेल्या मी किती पाहिल्यात. त्यातल्या बऱ्याच जणी तुमच्यासारख्याच, सगळ्यांना जेवायला घालून स्वतः उपाशी.

शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी झाली असं धरायचं. ५४ च्या खाली गेली तर धोका मोठा. तुम्ही त्या दोन आकड्यांच्या मध्ये होतात. घाम, थरथर, अंधारी, चिडचिड ही सगळी शुगर उतरल्याची लक्षणं आहेत. तुम्ही नातीवर ओरडलात तो स्वभाव नव्हे, मेंदूला साखर पुरत नव्हती.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण वर्णनावरून त्यात ग्लिमेपिराइड असणार. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न पडो न पडो. म्हणून ती सकाळच्या पोटभर खाण्याबरोबर घ्यायची असते. एका खारीवर ती घेतली आणि पुढचं जेवण सात तासांनी, वर म्हशींची कामं, तर शुगर खाली येणारच. मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी नेहमीची गोळी, नुसत्या तिनं असं सहसा होत नाही.

आता नीट वाचा. थरथर सुटली की हातातलं काम तिथंच टाका, तव्यावर भाकरी असली तरी गॅस बंद करा आणि बसा. शक्य असेल तर मोजा, मशीन हाताशी नसेल तर मोजण्यात वेळ घालवू नका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच घ्या. वर आली की लगेच जेवा. पेढा, बर्फी, चॉकलेट या वेळी उपयोगाचं नाही, त्यातल्या तूप-लोण्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. आणि या गोळीनं उतरलेली शुगर एकदा सावरली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे त्या दिवशी एकटं राहायचं नाही. हे घरात निदान एकाला तोंडपाठ पाहिजे. तुमची सून हुशार दिसते, तिला सांगून ठेवा.

आता गोळीची पट्टी उलटी करून मागचे बारीक घटक वाचा. त्यात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर मी वर साखर म्हटलं ते खोडा. या औषधांनी साखर आतड्यात फुटायलाच वेळ लागतो. मग मेडिकलमधली साधी ग्लुकोज पावडर लागते. पट्टीचा मागच्या बाजूचा फोटो इथे टाका.

गोळी आपल्या मनानं बंद करू नका, अर्धीही करू नका. तुमच्या जेवणाच्या वेळा डॉक्टरांना ठाऊक नसतील तर त्यांना ७.४ छानच दिसणार. एका कागदावर लिहून न्या: गोळी किती वाजता, पहिला घास किती वाजता, जेवण किती वाजता, ५८ कधी आलं. तोंडानं सांगायला जमत नाही ते कागद सांगतो. शुगर इतकी न उतरवणारी औषधंही आहेत, ती तुम्हाला चालतील का हे ते ठरवतील. उपासाचंही त्याच वेळी विचारून घ्या, श्रावण लागायच्या आधी.

मुंग्यांची दोन कारणं असू शकतात. एक शुगरनं नसांवर झालेला परिणाम. दुसरं, मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, आणि घरात माळकरी जेवण असेल तर आणखीच. बी-१२ ची तपासणी मागून घ्या. गोठ्यात अनवाणी जाऊ नका. रात्री पायाची बोटं फाकवून मधली जागा बघायची, स्वतःला दिसत नसेल तर सुनेनं बघावी.

आणि बारीक माणसाला शुगर होत नाही हे शेजारणींनी डोक्यातून काढावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवून दिलंय की आपल्याकडची माणसं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यानुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. तुमच्या आळीतही कुणी ना कुणी असणार, काहींना अजून कळलेलं नसेल.

दुकानदार, परभणी:

ताई, माझं मोंढ्याजवळ किराणा दुकान आहे. मलाही शुगर आहे, तुमच्यापेक्षा जुनी. सिस्टरांनी औषधाचं सगळं सांगितलं, मी घरातल्या पुरुषांच्या बाजूनं दोन शब्द लिहितो.

तुमच्या मालकांना हे सगळं वाचायला द्या. आम्हाला बायको कधी जेवते हे खरंच माहीत नसतं, कारण आम्ही जेवून उठलेलो असतो. माहीत नाही म्हणजे काळजी नाही असं नव्हे, पण माहीत करून दिल्याशिवाय बदलतही नाही. माझी मिसेस संकष्टी धरते, चंद्रोदय कधी नऊला तर कधी दहाला. तिची शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून विचारलं, यांचं शेवटचं खाणं किती वाजता झालं? मला सांगता आलं नाही. तेव्हापासून दुपारी एकला मी दुकानातून फोन करतो, जेवलीस का म्हणून नाही, काय जेवलीस म्हणून. नुसतं जेवलीस का विचारलं की बायका हो म्हणून मोकळ्या होतात.

आमच्या दुकानापुढच्या बाकड्यावर संध्याकाळी चार-पाच शुगरवाले जमतात. त्यात एक हमाल आहे. जास्त गाड्या लागल्या की त्याची शुगर उतरायची, कारण पोती उचलून अंगातली साखर जळते आणि जेवण मात्र गाड्या रिकाम्या झाल्यावर. आता गाडी लागली की बाकीचे हमाल आधी त्याला डबा खायला बसवतात. त्यानं कधी मागितलं नव्हतं, आम्ही मुकादमाशी बोललो. तुमच्याही घरी असं दुसऱ्या कुणी बोललेलं बरं.

एक सूचना. शेजारीपाजारी मिळून मशीन वापरत असाल तर सुई आणि टोचायचं पेन ज्याचं त्याचं, मशीनही पुसून घ्या. आणि टोचण्याआधी हात धुवा. गूळ फोडून तसंच बोट टोचलं की मशीन भलताच आकडा दाखवतं, आमच्याकडे एकजण घाबरून दवाखान्यात पोचला होता.

पिंपरीची सून:

काकू, तुमच्या सुनेच्या जागी मी आहे म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईही नैवेद्याआधी खात नसत. आम्ही खूप बोलून बघितलं, उपयोग झाला नाही. मग स्वयंपाकाचा क्रम बदलला. वरण-भात, एक भाजी आणि एक पोळी एवढं साडेअकरापर्यंत होतं, लगेच नैवेद्य. बाकीच्यांच्या पोळ्या नंतर गरम गरम. देवाचं झालं की त्यांना जेवायला कसलीच अडचण उरत नाही.

दुसरं, आमच्या डॉक्टरांना मी केसपेपरवर गोळ्यांच्या खाली लिहून मागितलं: दुपारचं जेवण १२.३०. तो कागद फ्रिजवर दुधाच्या हिशोबाशेजारी लावलाय. आजेसासूबाई आधी नाराज होत्या. कागद दाखवल्यावर म्हणाल्या, औषध आहे होय, मग घे. आता साडेबारा झाले की त्याच हाक मारतात.

तुमच्या सुनेनं मशीन आणलं, बोट टोचलं. तिला नुसतं म्हणा, बाराला मला ताट वाढ. ती वाढेल. आम्हाला कुणी सांगत नाही म्हणून आम्हीही गप्प राहतो.

कोयनाकाठ:

सगळ्यांचे आभार. सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं, हे दारात उभं राहून ऐकत होते. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बारालाच शेतातून आले.

पट्टीवर लिहिलंय: ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५००, व्होग्लिबोज ०.२. म्हणजे सिस्टर म्हणाल्या तेच. ग्लुकोजचा डबा आणलाय, एक पुडी चुलीजवळच्या फळीवर आणि एक गोठ्याच्या कोनाड्यात.

आणखी विचारायचं होतं. ज्वारीची भाकरी शुगरला चालते म्हणतात, मग ती किती खाल्ली तरी चालते का? आणि उपासाला साबुदाणा नको तर काय?

निवृत्त सिस्टर, सांगली:

गोठ्यात पुडी ठेवलीत हे फार बरं केलंत. डबा उघडा ठेवू नका, ओल धरतो. साखर आता शेवटचा उपाय म्हणूनच.

भाकरी चांगली, पण तीही पीठच आहे. तीन भाकऱ्या आणि वाटीभर भाजी हे ताट उलटं करा. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव ताट उसळ किंवा घट्ट वरणाचं, उरलेल्या पावात भाकरी. मेथी, शेपू, घेवडा, तुमच्या परड्यात असेल ते. सकाळी खारीऐवजी भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ, आणि त्या खाण्याबरोबरच गोळी. घरचं दूध आहे, दही लावा.

साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. खिचडीवर शुगर आधी झपाट्यानं चढते, आणि भगरही भरपूर खाल्ली तर तेच. दही, ताक, शेंगदाण्याची आमटी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याची छोटी भाकरी, एखादा पेरू, असं दिवसभरात थोडं थोडं घ्या. पण निरंकार राहायचं नाही. आणि उपासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांकडून लिहून आणल्याशिवाय पहिला सोमवार धरू नका. उपास करताना ७० च्या खाली आली तर उपास तिथंच सोडायचा, हे सासूबाईंशी आधीच बोलून ठेवा.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा किडनीसाठी लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन, शिवाय डोळ्याच्या पडद्याची तपासणी या वर्षात झाली का तेही विचारा.

कोयनाकाठ:

जाऊन आले, सुनेला बरोबर नेलं. कागद वाचून डॉक्टरांनी आधी जेवणाच्या वेळा विचारल्या, मग ग्लिमेपिराइड कमी करून दिली आणि पंधरा दिवस रोज बाराला मोजून लिहायला सांगितलं. उपासाच्या दिवशीचं वेगळं लिहून दिलंय. डोळ्यांची तपासणी एकदाही झालेली नव्हती, त्याची चिठ्ठी दिली आहे. बी-१२ साठी रक्त देऊन आले, रिपोर्ट आला की आकडा इथे टाकते.